दहा तासांची धार

आक्काचा फोन आला तेव्हा मी मांजरसुंब्याच्या शेडमध्ये सीताफळांच्या पाट्या उलटून बघत होतो. गणपती उठून आठवडा झाला असेल. वाडीवरच्या एकानं वर पाडाची फळं आणि खाली कच्ची भरून आणली होती, आणि मी त्याला चार लोकांसमोर झापत होतो. फोनवरचा नंबर बघितला आणि पाटी तशीच टाकून मी बाजूला गेलो. चार वर्षं त्या नंबरवरून फोन आला नव्हता. मीही केला नव्हता.

"भाऊ, धार चालायची का एकदा?" ती म्हणाली. कसा आहेस नाही, घरचे कसे आहेत नाही.

"कोणती धार?"

"आपली. वाडीपासून मांजरसुंब्यापत्तूर. उजाडता निघू, दिवस मावळायच्या आत उतरू. तू अन् मी."

"आताच कावून?"

"डोळे जायलेत माझे," ती म्हणाली. "नगरचा डॉक्टर म्हणला, काचबिंदू हाय. कडंकडंनं अंधार यायलाय. मधलं तेवढं दिसतंय. ते बी किती दिवस, त्याला सांगता येत न्हाई. तू दसऱ्याच्या आत जमव. तवर डोंगर हिरवा आसतोय अन् मला दिसतंय बी."

मला आधी तसंच उठून तिच्याकडं जावंसं वाटलं, हे मी शपथेवर सांगतो. पण ते एका श्वासापुरतं. दुसऱ्या श्वासाला माझ्यातला व्यापारी जागा झाला. फोन आधी तिनं केला होता. ज्याला गरज असते तो आधी बोलतो, आणि आधी बोलणारा पडती बाजू घेतो. चाळीस वर्षं मी याच्यावर पोट भरलं आहे.

आता त्या धारेचं सांगतो. आमची वाडी बालाघाटाच्या माथ्यावर आहे. वाडीपासून निघून डोंगराची एक पाठ सरळ मांजरसुंब्याच्या वर येते. खालून बैलगाडीचा रस्ता होता, पण तो वळसे घेत जायचा. आमच्या लहानपणी धारेवर रस्ता कसला, शेळ्यांनी पाडलेली पायवाट होती. मधे एक जागा आहे, शंभरेक पावलांची, जिथं दोन्ही बाजूंना दरी आणि पायाखाली फक्त खडक. आम्ही भावंडं त्या जागेला कुऱ्हाडीचं पातं म्हणायचो. आता त्या धारेवर पवनचक्क्या उभ्या आहेत, पण त्या सुरुवातीच्या सपाटीवर. पुढची धार आहे तशीच आहे.

वडील दुसऱ्याच्या किराणा दुकानात पुड्या बांधायचे. सीताफळं डोंगरात आपोआप यायची, त्यांना मालक नव्हता. आक्का चौदा वर्षांची, मी अकराचा. पहाटे दोघं फळं तोडायचो, तिच्या डोक्यावर मोठी पाटी, माझ्या डोक्यावर लहान, आणि धारेनं मांजरसुंब्याला. तिथं एसट्या थांबायच्या. पहिल्या दिवशी खिडकीतल्या बाईनं जो भाव सांगितला त्याला आक्का हो म्हणाली. दुसऱ्या खिडकीला पण हो म्हणाली. मी रडायच्या बेताला आलो. तिसऱ्या खिडकीला मी तिला मागं सारलं आणि बोलायला लागलो. त्या दिवसापासून तिनं वाहायचं आणि मी भाव करायचा, अशी वाटणी झाली. खिडकीतलं गिऱ्हाईक अडून बसलं की मी पाटी उचलून चालायला लागायचो. चार पावलं टाकली की मागून हाक यायचीच. ती हाक ऐकण्याचं मला व्यसन लागलं. आज माझं शेड आहे, दोन टेम्पो आहेत, हंगामात पुण्या-हैदराबादला माझा माल जातो. कुणाच्या बापाच्या जिवावर मी काही केलेलं नाही. आक्काच्या डोक्यावर केलं, हे मी तेव्हा धरत नव्हतो.

आक्का कडा गावात दिली. दाजी जमीनदार, आणि राजकारणाचा नाद. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. मी सख्खा मामा, एकुलता एक. आमच्याकडं मुलीला मांडवात मामानं आणायचं, अक्षता पडताना मामानं तिच्या मागं उभं राहायचं, आणि त्याआधी मामाला फेटा बांधायचा. यात काही नवीन नाही, हे गरिबाच्या लग्नातही होतं. त्या दिवशी दाजींचे एक साहेब यायचे होते. साहेब दोन तास उशिरा आले. तोवर वऱ्हाड उन्हात. साहेब आले तशी माइकवाल्यानं सत्कारांची यादी सुरू केली. मी पोरीला घेऊन मांडवात आलो, तर दाजींनी माझं कोपर धरलं आणि म्हणाले, "तुमी जरा कडंला व्हा. सायेबांचा फोटो होऊ द्या." फोटो झाला, पण साहेब तिथून हलले नाहीत आणि भटजींनी घाई केली. भाचीवर अक्षता पडल्या तेव्हा तिच्या मागं साहेब उभे होते. फेटे कमी पडले म्हणून मामासाठी ठेवलेला फेटा साहेबांच्या ड्रायव्हरला बांधला होता. तो बिचारा गाडीपाशी उभा राहून आरशात स्वतःला बघत होता.

दाजींचं मला एवढं लागलं नाही. राजकारणी माणूस, त्याच्याकडून आणखी काय होणार. मी खांबाला टेकून उभा होतो आणि आक्काकडं बघत होतो. ती बोहल्याजवळ तबक घेऊन उभी होती. तिनं मान थोडी माझ्या बाजूला वळवली. मी हात वर केला. तिची नजर माझ्यापाशी थांबली नाही आणि तिनं तोंड फिरवलं.

मी बायकोला उठवलं आणि न जेवता निघालो. मामा न जेवता गेला, ही गोष्ट आमच्या भागात वर्षानुवर्षं बोलली जाते. त्या आठवड्यात आक्काचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. दाजी समजूत काढायला येतील म्हणून वाट बघितली. ते आले नाहीत. मग मी ठरवलं की आता मी मेलो तरी आधी बोलणार नाही.

आणि आता ती बोलली होती.

"जाऊ की," मी म्हणालो. "पण आधी दाजींनी हितं यावं. माझ्या शेडसमोर, चौकात. फेटा बांधावा आणि मानानं बोलवावं. मग जाऊ."

"त्यांचं अन् तुझं तुमी बघा," ती म्हणाली. "मी माझं विचारायलेय."

"सांगून तर बघ त्यांना."

"बरं," ती म्हणाली.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "तिचे डोळे जायलेत आन् तुमाला फेटा पायजे?" मी ताट सरकवलं आणि आवाज चढवला. तिनं पुन्हा भाकरी थापायला घेतली. तिला वाटलं मी नेणारच नाही. तसं नव्हतं. मला आक्काला न्यायचंच होतं. मला फक्त माझ्या भावात न्यायचं होतं.

म्हणून मी तयारीला लागलो, आणि कुठल्याही सौद्याची केली नसेल अशी तयारी केली. कॅलेंडरचं जुनं पान पालथं करून त्यावर धार काढली. किती वाजता कुठं, कुठं बसायचं, कुठं खायचं. धारेवर पाणी नाही, हे मला आठवत होतं. लहानपणी आम्ही सीताफळंच खात चालायचो. आता दोघंही साठीच्या अलीकडं-पलीकडं, तिला साखरेचा आजार. माणशी चार लिटर पाणी लागणार, आणि तेवढं ओझं पाठीवर घेऊन तिला चालता येणार नाही. म्हणजे पाणी आधीच दोन ठिकाणी नेऊन ठेवायचं. त्यासाठी धारेचा रोजचा माणूस पाहिजे.

वाडीवर एक धनगर आहे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. जन्मभर मेंढ्या त्याच धारेला. त्याला सगळे मामा म्हणतात. मी गेलो तेव्हा तो मेंढीच्या खुरातला काटा काढत होता.

"मामा, धार चालायची हाय. मी अन् माझी आक्का. किती वेळ लागंल?"

त्यानं मान वर न करता विचारलं, "आक्काचं वय किती?"

"साठ. अन् नजर जरा कमी हाय."

"दहा तास."

"काय बोलता मामा," मी हसलो. "आमी पोरं असताना चार तासात उतरायचो. पाच धरा."

"तवा पोरं व्हता. दहा."

"सहा. मधी जेवायला अर्धा तास."

"शेट, मी तुमाला सीताफळ इकतोय का?" तो म्हणाला. "दहा म्हणलं म्हणजे दहा."

पण मी बसलो. चहा मागवला, तंबाखू पुढं केली, मेंढ्यांचं, पावसाचं बोललो, आणि पुन्हा विषयावर आलो. तासाभरानं तो कंटाळला आणि म्हणाला, "बरं, सात धरा. तुमचंच खरं." मी उठलो तेव्हा खूश होतो. तीन तास वाचवले होते. मी ते कॅलेंडरच्या पानावर लिहिलं: सात.

आश्विन लागल्यावर एक दिवस त्याला घेऊन पहिला टप्पा बघून आलो. गवत कमरेएवढं होतं, पिवळी फुलं होती, खाली तळ्यांत पाणी चकाकत होतं. एवढा सुंदर डोंगर मी तीस वर्षांत बघितला नव्हता, कारण वर बघायला मला वेळच नव्हता. पवनचक्क्यांची सपाटी ओलांडून पहिली घळ उतरून चढेपर्यंत साडेतीन तास गेले. धारेचा हा तिसरा हिस्सा. मी हिशेब करायला पाहिजे होता. पण मला वाटलं, मामा आपलं म्हणणं खरं करायला मुद्दाम हळू चालतोय. मी त्याला तसं बोलून पण दाखवलं. घळीच्या तोंडाशी त्यानं माझे पाण्याचे दोन कॅन दगडाआड ठेवले आणि वर काट्याची फांदी टाकली.

दसऱ्याला चार दिवस राहिले तेव्हा आक्काचा फोन आला.

"दसरा आला, भाऊ."

"दाजी काय म्हणले?"

"काय न्हाई म्हणले. म्हणले, मी कुणाच्या दारात फेटा घेऊन जाणार न्हाई."

"मग दिवाळीनंतर बघू. ऊन बी कमी होतंय तवर."

मला वाटलं होतं ती रागवेल, किंवा रडेल. ती म्हणाली, "बरं." मला अजून आठवतं, मी फोन ठेवला आणि मनात म्हणालो, गिऱ्हाईक उठून गेलेलं नाही. अजून ताणायला जागा आहे. दसऱ्याच्या आत, हा आक्कानं सांगितलेला पहिला आकडा होता, आणि पहिला आकडा खरा असतो यावर मी कधीच विश्वास ठेवलेला नाही. ती बाई जन्मात कधी वाढवून सांगत नव्हती, कधी घासाघीस करत नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मला तेव्हा ते सुचलं नाही. ज्याला सगळ्या जगाशी घासाघीस करायची सवय लागते, त्याला खरं बोलणारं माणूस ओळखू येत नाही.

भाऊबीजेला बायकोनं पिशवी भरली. साडी, फराळ. मी म्हणालो, ठेव. हंगाम संपला होता, शेड रिकामं होतं, तरी मी दिवसभर शेडमध्ये खुर्ची टाकून बसलो. फोन समोर टेबलावर ठेवला होता. मी पाटी उचलून चालायला लागलो होतो आणि मागून हाक यायची वाट बघत होतो. दुपारी बायको आली, माझ्याकडं बघितलं आणि परत गेली. संध्याकाळी मी शटर ओढलं. हाक आली नव्हती.

दाजी मार्गशीर्षाच्या शेवटी आले. एकटे, एसटीनं, हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यांच्यामागं नेहमी चार माणसं असायची, आज कुणी नव्हतं. मी खुर्चीवरून उठलो नाही. त्यांनी चौकातल्या चहावाल्याला हाक मारली, पानपट्टीवाल्याला हाक मारली. "या, या. बघायला या. ह्यांना साक्षीदार लागतेत." मग पिशवीतून फेटा काढला आणि उभ्या चौकात, ट्रकांच्या धुरात, माझ्या डोक्याला बांधायला लागले. फेटा वाकडा झाला. नारळ दिला.

"झालं का समाधान?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग आता तिला न्या. लवकर न्या. परवा ती समईची वात हातानं चाचपत व्हती. बोट भाजलं."

ते चहाही न घेता पुढच्या एसटीनं गेले. पानपट्टीवाला म्हणाला, "शेट, फेटा शोभतोय तुमाला." मी तो संध्याकाळपर्यंत काढला नाही, आणि त्या रात्री मला चार वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसं झालं.

चार दिवसांनी, पौषातल्या एका सकाळी, आम्ही वाडीवर जमलो. उजाडत होतं. दाजी आक्काला जीपमधून घेऊन आले. मी तिला चार वर्षांनी बघत होतो. केस पांढरे, अंग उतरलेलं, पायात नवे कॅनव्हासचे बूट. जीपमधून उतरताना तिनं आधी पाय खाली सोडून जमीन चाचपली. मग माझ्या आवाजाच्या दिशेनं आली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. "म्हातारा झालास की," ती म्हणाली आणि हसली. मला वाटलं, नजर आहे अजून. मी स्वतःला तसं सांगितलं.

डोंगर आता हिरवा नव्हता. गवत वाळून पांढरं पडलं होतं आणि दव पडून निसरडं झालं होतं. धनगरमामा काठी टेकून उभा होता. आक्का वाडीच्या शेवटच्या घरापासून पहिल्या चढापर्यंत वीस पावलं चालली. दोन दगडांना अडखळली, तिसऱ्याला मी धरलं. मामा तिच्या पायांकडं बघत होता, जशी आजारी मेंढी बघतात तसा.

"मी नेणार न्हाई," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाई. ह्या माउलीला पुढचं पाऊल दिसत न्हाई. त्या अरुंद जागंवर मी हिला नेणार न्हाई."

मी आवाज चढवला. म्हणालो, मी धरतो. म्हणालो, कमरेला दोर बांधू, पुढून तुमी, मागून मी. म्हणालो, दुप्पट देतो, पाहिजे तर मेंढी घेऊन देतो. म्हणालो, कुऱ्हाडीच्या पात्यापर्यंत जाऊ आणि परत फिरू. म्हणालो, निदान पहिली घळ. त्यानं मला सगळं बोलू दिलं.

"शेट," तो शेवटी म्हणाला, "तवा मी दहा तास सांगितले, तुमी सात केले. आता मी न्हाई म्हणतोय. त्येचं किती करता?"

मी त्याला शिव्या दिल्या. त्याच्या आईवरून दिल्या. माझ्या वयाला आणि माझ्या घराण्याला न शोभणाऱ्या. तो काठी घेऊन मेंढ्यांच्या वाड्याकडं चालायला लागला. मी थांबलो, चार पावलांनी थांबेल म्हणून. तो थांबला नाही.

मग मी दाजींवर वळलो. "तुमी तीन महिने आधी आला असता तर आज ही वेळ आली नसती."

"तुमी तीन महिने आधी फेटा सोडला असता तर?" दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

आक्का एका दगडावर बसली होती. "कशापायी एवढं धरून बसलास रे भाऊ?" तिनं विचारलं. "फेट्यापायी?"

"फेट्यापायी न्हाई," मी म्हणालो. आणि चार वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते बोलून गेलो. "तू बघितलंस मला. खांबापाशी उभा हुतो. मी हात केला तुला. तू माझ्याकडं बघितलंस अन् तोंड फिरवलंस."

"कोणत्या खांबापाशी?"

"डावीकडच्या."

"डावीकडचं मला त्या साली बी दिसत नव्हतं," ती म्हणाली. "माणसं एकदम आंगावर यायची, कुठनं आली कळायचं न्हाई. मला वाटलं चष्म्याचा लंबर बदलला आसंल. लग्नाच्या घाईत कुणाला सांगितलं न्हाई." मग म्हणाली, "मला वाटलं तू अक्षतेला थांबलाच न्हाईस. दोन फोन केले ते त्यापायीच. भाऊ कावून निघून गेला ते इचारावं म्हणून."

दाजी जीपकडं तोंड करून उभे राहिले. मी खाली बसलो. मला वाटतं मी बराच वेळ बसलो असेन, कारण ऊन आमच्या पायांपर्यंत आलं. मी तिला काय बोललो ते आठवत नाही. माफी मागितली नाही, हे आठवतं. मला तो शब्दच आला नाही.

"भूक लागली," आक्का म्हणाली.

बायकोनं दिवसभराचं जेवण बांधून दिलं होतं. बाजरीच्या भाकरी, ठेचा, शेंगाचटणी, धपाटे, दह्याचा डबा. सकाळी आठ वाजता, वाडीच्या शेवटच्या घरामागं, आम्ही तिघं ते खायला बसलो. आक्कानं धपाटा हातात धरून त्याचा वास घेतला आणि खाल्ला. दाजी एका भाकरीवरच उठले. अर्ध्याहून जास्त उरलं.

खाऊन झाल्यावर ती उठली. "मांजरसुंबा कोणत्या बाजूला?" तिनं विचारलं.

मी तिच्या हनुवटीला हात लावला आणि तिचं तोंड धारेच्या दिशेला वळवलं. ऊन आता चांगलं पडलं होतं. पवनचक्क्या फिरत होत्या, त्यांच्यापलीकडं डोंगराची पाठ एकामागं एक उतरत गेली होती, आणि अगदी शेवटी, धुरकट, घाटाचा माथा. ती बघत राहिली.

"दिसतंय," ती म्हणाली.

मी चाळीस वर्षं माणसांचे आवाज ऐकून माल घेतो. खरं कुठलं, बनवलेलं कुठलं, हे मला डोळे मिटून कळतं. आक्का जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि ते माझ्यासाठी. मी "बरं" म्हणालो.

त्यानंतर मी तिला दोनदा नगरला त्या डॉक्टरांकडं नेलं. दुसऱ्या खेपेला, तिला बाहेर बाकावर बसवून, मी एकटा आत गेलो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. मी विचारलं, "साहेब, दसऱ्याच्या आधी हिची नजर किती असेल? डोंगर दिसण्याइतकी?"

ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही."

"अंदाजे सांगा."

"अंदाज नाही करता येत, काका. त्या दिवसांत पुन्हा तपासलं असतं तर सांगितलं असतं. आता जे गेलं ते परत येत नाही, एवढंच."

मी खुर्चीवरून उठलो नाही. म्हणालो, निम्मी असेल का? पाव? मी सांगतो, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. मला कसलातरी आकडा पाहिजे होता. तो कितीही वाईट असता तरी मी तो घेतला असता. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटचा कागद हातात घेतला आणि दाराकडं बघितलं.

मी बाहेर आलो. आक्कानं विचारलं, "काय म्हणले?"

"औषध चालू ठेवा म्हणले."

तिनं हात पुढं केला. दवाखान्याच्या पायऱ्या उंच होत्या आणि कठडा तुटलेला होता. मी तिच्या एक पायरी खाली उभा राहिलो, तिचा हात खांद्यावर घेतला, आणि म्हणालो, "आता उजवा पाय." तिनं उजवा पाय टाकला. "आता डावा."